बंदूक दुकानात, पावती देवघरात

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आतल्या पानावर अमेरिकेतल्या बंदुकांच्या नियमांची एक छोटी बातमी होती, ती वाचली आणि म्हटलं आता लिहायचंच. (पेन नाही, मोबाईलवरच लिहितोय, नातीनं मराठी टाइप करायला शिकवलंय, चुका पोटात घाला.) तिकडं सरकार बदललं की नियम बदलतो, नियम बदलला की कोणतरी कोर्टात जातो, आणि आपण इकडं चहा पीत म्हणतो काय ही अमेरिका. पण आपल्या केंद्र सरकारनं पण २०१९ ला बंदुकीचा कायदा बदललाय आणि त्याचा घोळ आमच्यासारख्या लायसनवाल्यांच्या आणि बंदुकीच्या दुकानदारांच्या मागं अजून लागलेला आहे, हे कुणाच्या गावीही नाही. कुणाला सांगायला गेलं तर पहिलं वाक्य एकच, अहो तुमच्याकडं बंदूक आहे? आणि माणूस जरा सरकून बसतो.

तर आहे. आमचं मूळ गाव राधानगरी तालुक्यात, जंगलाच्या कडेला. मी शाळेत क्लार्क होतो, रिटायर होऊन आता शिवाजी पेठेत राहतो, पण शेत गावाकडंच. खालच्या अंगाला थोडा ऊस, वर सगळा भात. आण्णांच्या म्हणजे वडिलांच्या लायसनवर तीन बंदुका होत्या. एक ठासणीची, आज्जाची, संस्थान होतं तेव्हापासूनची. एक बारा बोअरची एकनळी आणि एक बारा बोअरची दुनळी. शिकार बिकार काही नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर आण्णांनी सशावर पण बार टाकला नाही. काम एकच, रात्री माळ्यावर बसायचं आणि रानडुकरांचा कळप भातात शिरला की आकाशाकडं नळी करून एक बार. गव्याला तर तेवढंच करता येतं, तो शेड्यूल एकमधला प्राणी, त्याला ओरखडा निघाला तरी आपण जेलात. २०२१ च्या डिसेंबरात गवे पार कोल्हापूर शहरात आले तेव्हा पेठेतली पोरं मोबाईल घेऊन मागं पळत होती, आमच्या गावात ती गोष्ट दर वर्षाची आहे, तिथं कोण फोटो काढत नाही.

आता कायदा काय झाला ते थोडक्यात सांगतो कारण पुढचं त्याशिवाय समजायचं नाही. आपला शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात पहिल्यांदा एका माणसाकडं किती बंदुका असाव्यात याला काही हद्दच नव्हती. १९८३ ला दुरुस्ती झाली आणि तीन ठरल्या. आमच्याकडं तीनच होत्या म्हणून तेव्हा वाचलो. मग २०१९ च्या शेवटी केंद्रानं नवीन विधेयक आणलं, त्यात तर आधी एकच ठेवायची असं होतं, खासदारांनी ओरड केल्यावर दोनवर आलं. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू. दोनपेक्षा जास्त असतील त्यानं एका वर्षात जादाची बंदूक जवळच्या पोलिस ठाण्यात नाहीतर लायसनवाल्या दुकानदाराकडं जमा करायची, आणि मग नव्वद दिवसांत ती लायसनवरून कमी होणार. वारसानं आलेली असली तरी हिशेब दोनचाच. बदल्यात लायसनची मुदत तीन वर्षांची पाच वर्षं केली, हे मात्र चांगलं झालं, कारण दर तीन वर्षांनी रिन्यूअलचे हेलपाटे म्हणजे काय असतं ते ज्यानं मारलेत त्यालाच माहीत.

एक वर्ष म्हटल्यावर कागदावर भरपूर दिसतं. पण संपादक साहेब ते वर्ष कुठलं होतं बघा. डिसेंबर २०१९ ते डिसेंबर २०२०. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, जिल्ह्याच्या आत पण फिरायला पास, ऑफिसात निम्मा स्टाफ, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा बंदूक खांद्याला लावून राधानगरीहून कोल्हापूरला कसा येणार? एसटी बंद. टू व्हीलरवर बंदूक घेऊन निघालो तर प्रत्येक नाक्यावर लायसनचं पुस्तक दाखवा, कुठं चालला, कशाला चालला. शेवटी नोव्हेंबरात ओळखीची एक जीप मिळाली.

त्याच्या आधी घरात महिनाभर एकच चर्चा, कुठली द्यायची. मी सरळ म्हटलं ठासणीची द्या, तिचा उपयोग काय, दारू ठासा, छर्रे भरा, गज मारा, तोपर्यंत डुकरं पोट भरून घरी जातात. आण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी म्हणाले, एकनळी देतो, ती चांगली आहे, तिला गिऱ्हाईक मिळेल, चार पैसे येतील, ठासणीला कोण विचारतंय. हिशेब म्हणून बरोबर होता. फक्त तोच हिशेब सगळ्या जिल्ह्यानं केला होता.

म्हणजे कसं ते सांगतो. तुम्हाला तुमची बंदूक दुसऱ्याला विकता येते, कायद्यात तशी सोय आहे, कलेक्टर ऑफिसला किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं, कोणाला विकतोय त्याचं नाव पत्ता द्यायचा, पंचेचाळीस दिवस थांबायचं. पण घेणाऱ्याकडं लायसन पाहिजे आणि त्या लायसनवर जागा रिकामी पाहिजे. पूर्वी तीन जागा होत्या त्यातली एक केंद्रानं कापली, म्हणजे एकाच वेळी विकणारे वाढले आणि घेणाऱ्यांच्या जागा कमी झाल्या. नवीन लायसन निघतायत किती ते तुम्हीच कलेक्टर ऑफिसला विचारा. गुळाच्या सौद्यात सगळ्यांनी एकाच दिवशी गाड्या आणल्या की काय होतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. एकनळीला पहिल्यांदा जो माणूस आला त्यानं जी किंमत सांगितली त्यात चांगली छत्री पण आली नसती, आण्णा म्हणाले त्यापेक्षा तिला खोऱ्याचा दांडा करतो.

मग जमा. पोलिस ठाण्यात ठेवायची का दुकानात? ठाण्यात ठेवली तर फुकट, पण आमच्या तिकडच्या पावसात मुद्देमालाच्या खोलीत एक पावसाळा काढलेली बंदूक मी बघितलीय, शेजाऱ्यांची होती, निवडणुकीच्या वेळी दिलेली. नळीत बोट घातलं तर लाल झालं. कुणाला दोष देत नाही, त्या बिचाऱ्या हवालदारानं चोरीच्या मोटारसायकली सांभाळायच्या, दारूचे कॅन सांभाळायचे, का तुमच्या नळीला तेल लावत बसायचं? म्हणून आम्ही दुकानात ठेवली. महिन्याला भाडं.

दुकानदार आण्णांचे दोस्त, आम्ही त्यांना काका म्हणतो. तुमच्यातल्या किती जणांनी बंदुकीचं दुकान आतून बघितलंय माहीत नाही, लोकांना वाटतं सिनेमासारखं भिंतभर मशीनगन लावलेल्या असतात. एक लोखंडी कपाट, जाळीचं दार, गन ऑइलचा वास, आणि रजिस्टरं. रजिस्टरंच रजिस्टरं. आलं किती, गेलं किती, कुणाला गेलं, त्याच्या पुस्तकावर कोटा किती शिल्लक, एक काडतूस इकडचं तिकडं झालं तर लायसन काकांचं जाणार. माल तरी काय? परदेशी बंदूक व्यापारासाठी आणायला ऐंशीच्या दशकापासून बंदी. मग कानपूरचं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर, इशापूरची रायफल, आपल्या खडकीची काडतुसं, एवढाच काय तो संसार. २०१४ ला कानपूरच्या सरकारी कारखान्यानं बायकांसाठी म्हणून निर्भीक नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. काका म्हणाले बघायला लई जणी आल्या, हातात घेऊन वजन बघितलं, किंमत ऐकून परत ठेवलं, एवढ्यात एक स्कूटी आणि वर थोडं सोनं येतंय म्हणाल्या. मग २०२१ ला अशा सगळ्या सरकारी ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या सात कंपन्या केल्या, काडतुसं एका कंपनीची आणि बंदूक दुसऱ्या कंपनीची, काकांना काय, रजिस्टरचे रकाने तेवढे बदलले.

पण २०१९ नंतर काकांच्या धंद्याचं जे झालं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं, "मी बंदुका विकत होतो, आता मी बंदुकांचं पाळणाघर चालवतो." विक्री नाही, फक्त ठेव. जादाच्या बंदुका, मयताच्या बंदुका, म्हाताऱ्यांच्या बंदुका, पोरं पुण्याला गेलेल्या घरांतल्या बंदुका. निम्मे लोक भाडं देत नाहीत. काही जण फोन उचलत नाहीत. आणि काकांना त्या टाकता येत नाहीत, विकता येत नाहीत, मोडता येत नाहीत. कायद्याच्या २१ व्या कलमात लिहिलंय की जमा केलेली बंदूक मुदतीत मालक ज्याच्याकडं लायसन आहे अशा माणसाला विकू शकतो किंवा विकायला सांगू शकतो आणि पैसे त्याचेच, आणि मुदतीत काहीच केलं नाही तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानं ती सरकारजमा होते. छान आहे की. पण आदेश निघायला कुणीतरी यादी करायला पाहिजे, यादी करायला कुणीतरी दुकानात यायला पाहिजे. आमच्या एकनळीचं काय झालं म्हणून मी दोन वेळा अर्ज दिला, दोन्हीची पोच माझ्याकडं आहे, उत्तर नाही. म्हणजे ती आमची नाही कारण लायसनवरून कमी झाली, सरकारची नाही कारण आदेश नाही, आणि काकांची तर नाहीच. भाडं मात्र आमचं.

आता काका सत्तरीच्या पुढं गेलेत. मुलगा आयटीत, तो म्हणतो मला हे नको. दुकान बंद करायचं त्यांच्या मनात आहे. मग कपाटातल्या सगळ्या लोकांच्या ठेवी कुठं जाणार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती रजिस्टरं, ज्यात निम्म्या जिल्ह्यातल्या बंदुकांचा चाळीस वर्षांचा इतिहास आहे, ती कुठं जाणार?

इथं मला तुमची ती अमेरिकेची बातमी आठवते. माझा पुतण्या टेक्सासला आहे, एच वन बी व्हिसावर. मला आपलं वाटायचं तिकडं किराणा आणायला गेल्यावर पिशवीत बंदूक पण टाकतात. तो म्हणाला काका तुम्हाला सांगतो, मला नाही मिळत, आमच्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचं लायसन काढलं तर चालतंय! म्हणजे वेडेपणा काही एकट्या आपल्याकडं नाही. तिकडं दुकानात गेलं की फॉर्म ४४७३ भरायचा, दुकानदार एफबीआयच्या यंत्रणेला विचारतो, बहुतेक वेळा काही मिनिटांत हो किंवा नाही येतं. आपल्याकडं नुसत्या पोलिस रिपोर्टला नियमात तीस दिवस लिहिलेत आणि त्या तीस दिवसांत किती महिने असतात ते विचारू नका. आणि त्यांचे नियम पण सारखे हलतात बरं का, घरी सुटे भाग जोडून केलेल्या बिननंबरच्या बंदुकांवर २०२२ ला नियम आणला तो मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात टिकला, पण बंप स्टॉक नावाच्या, बंदुकीतून भराभर गोळ्या सुटाव्यात म्हणून लावायच्या वस्तूवरची बंदी त्याच कोर्टानं जून २०२४ मध्ये उडवली. बंदुकीच्या सायलेन्सरवर १९३४ पासून असलेला दोनशे डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. इतकी उलटापालट आमच्या लायसनच्या पुस्तकात झाली असती तर आण्णांनी तिन्ही बंदुका रंकाळ्यात टाकल्या असत्या.

पण एक गोष्ट पुतण्यानं सांगितली ती मला भारी वाटली. तिकडं दुकानदारानं कायमचं दुकान बंद केलं की त्याचे सगळे विक्रीचे कागद सरकारच्या एका केंद्रात जमा करावे लागतात, वेस्ट व्हर्जिनियात आहे म्हणे, आणि पुढं एखादी बंदूक गुन्ह्यात सापडली की तिथून शोधतात. ज्या देशात बंदूक हा हक्क आहे आणि जिथं सरकारनं यादी नुसती करायची म्हटली तरी लोक रस्त्यावर येतात, तिथं बंद पडलेल्या दुकानाच्या रजिस्टरची सोय आहे. आणि आपल्याकडं बंदूक हा हक्क नाही, सरकारची मेहेरबानी आहे, प्रत्येक लायसनला युनिक नंबर आहे, देशभराचा डेटाबेस आहे, आणि काका मला विचारतात की बाबा ही रजिस्टरं मी कुणाच्या ताब्यात देऊ? मी त्यांना घेऊन एका ऑफिसात गेलो तर तिथले साहेब म्हणाले, सध्या तुमच्याकडंच ठेवा.

आण्णा २०२२ ला गेले. मग उरलेल्या दोन पण काकांच्या कपाटात, कारण लायसन माणसाचं असतं, घराचं नाही, दहाव्याच्या आधी कागद करायला लागले. वारस म्हणून माझ्या नावावर लायसन व्हायला चौदा महिने गेले. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मला त्या चौदा महिन्यांत एका वकिलानं सांगितली. २०१६ चे जे शस्त्र नियम आहेत त्यात लिहिलंय की लायसनवाला सत्तर वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडं पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा, तो हयातीतच आपल्या वारसाला लायसन मिळावं म्हणून अर्ज करायला लावू शकतो. वारसात मुलगा मुलगी आहेतच, सून जावई पण आहेत. आण्णा दोन्ही अटींत बसत होते. दर रिन्यूअलला आम्ही त्याच टेबलासमोर उभे होतो, म्हातारा काठी टेकत यायचा, आणि एकानं पण सांगितलं नाही की काका आता पोराच्या नावावर करा. मी स्वतः क्लार्क होतो, मला माहीत आहे की विचारल्याशिवाय सांगायचं नाही हा टेबलाचा पहिला नियम असतो, पण तरी. म्हणून ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचे लायसनवाले आहेत त्यांनी हे पत्र वाचून उद्याच्या उद्या हलावं, एवढ्यासाठी जरी तुम्ही छापलंत तरी पुरे.

आता ठासणीची गंमत. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रानं अजून एक पत्रक काढलं. त्यात नेमबाजांना सवलत वाढवली, आंतरराष्ट्रीय मेडल मिळवणाऱ्याला बारापर्यंत बंदुका ठेवता येतील असं केलं. त्याबद्दल तक्रार नाही, उलट अभिमानच, हे गावच नेमबाजांचं आहे. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली, राही सरनोबतनं २०१८ ला एशियाडचं सोनं आणलं, आणि आमच्याच राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं, त्या दिवशी आम्ही गावात साखर वाटली. तर त्याच पत्रकात असंही आहे की क्युरिओ म्हणजे जुन्या शोभेच्या प्रकारातली शस्त्रं नुसती बाळगायला लायसन नको, चालवायला पाहिजे. मी म्हटलं वा! मग ठासणीची क्युरिओत घाला, ती लायसनवरून काढा, आणि रिकाम्या जागेवर आमची एकनळी परत द्या. पहिल्या टेबलावर सांगितलं ही क्युरिओ नाही कारण हिच्यातून बार निघतो. दुसऱ्या टेबलावर सांगितलं क्युरिओच आहे पण तसं लिहून द्यायचा अधिकार आम्हाला नाही. तिसऱ्या टेबलावर विचारलं, क्युरिओ म्हणजे काय ओ?

निवडणुकीचं तर सांगायलाच नको. आचारसंहिता लागली की बंदुका जमा. हायकोर्टाच्या निकालानंतर आयोगाच्या सूचना आहेत की सरसकट सगळ्यांच्या जमा करू नका, स्क्रीनिंग कमिटीनं माणूस बघून, त्याचं रेकॉर्ड बघून ठरवावं. पण आमच्याकडं फोन येतो तो असा, काका बंदूक आणून टाका, वरून ऑर्डर आहे. २०२४ मध्ये दोनदा. पहिल्यांदा मार्च ते जून, ते एक वेळ ठीक, रानात काही नसतं. पण दुसऱ्यांदा १५ ऑक्टोबरला आचारसंहिता लागली आणि निकाल २३ नोव्हेंबरला. आता कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, घाटाच्या कडेला भात कापणीला कधी येतो? बरोबर त्याच दिवसांत. बंदूक ठाण्यात, डुकरं भातात, आणि ज्यांच्याकडं गावठी कट्टे आहेत ते प्रचारात. कट्टेवाल्याला कधी कोणी फोन करून सांगितलंय का, की भाऊ आचारसंहिता आहे, आणून टाका? सहा आठवडे आम्ही डबे बडवले आणि फटाके लावले. तिकडं कर्नाटकात कोडगू म्हणजे कूर्गच्या कोडवा लोकांना परंपरा म्हणून लायसनमधून सूट आहे, ती पण २०२९ पर्यंत वाढवून दिलीय, आम्हाला सूट नको, फक्त कमिटीनं कमिटीसारखं काम करावं.

हे वाचून कुणी म्हणेल हा म्हातारा बंदुकीचा शौकीन आहे, घरोघरी बंदूक द्या म्हणतोय. अजिबात नाही. उलट २०१९ च्या दुरुस्तीतलं जे कडक आहे ते मला पटतं. वरातीत, यात्रेत, वाढदिवसाला हवेत गोळ्या उडवणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे फार आधी व्हायला पाहिजे होतं. बेकायदा बंदुका बनवणाऱ्या विकणाऱ्याला कमीत कमी सात वर्षं ते जन्मठेप, एकदम बरोबर. तलवारीनं केक कापून स्टेटस ठेवणारी पोरं आणि कमरेला रिव्हॉल्व्हर दिसेल असा शर्ट खोचणारे पुढारी, यांच्यामुळं लायसन म्हणजे मोठी गाडी घेतल्यासारखं झालंय, अशांची लायसनं काढून घेतली तर मी स्वतः पेढे देईन. आणि दोनची हद्द पण मला मान्य आहे. खरंच मान्य आहे. मला तिसरी बंदूक लागत नाही, मला एवढंच पाहिजे की जी काढून घेतली तिचं पुढं काय झालं ते कुणीतरी लिहून द्यावं.

कारण कायदा करताना जमा करा एवढं लिहिलं, जमा झाल्यावर काय याची वाटच ठेवली नाही. जिल्ह्यात दोन दिवसांचा एखादा कॅम्प लावा, सातबाऱ्याचा लावता तसा, दुकानदाराची रजिस्टरं आणि तुमचा डेटाबेस शेजारी शेजारी ठेवा, ज्याला विकायची त्याला गिऱ्हाईकाची यादी द्या, ज्याची मुदत गेली तिचा आदेश काढून सरकारजमा करा, मोडा, वितळवा, नाहीतर जुनी असेल तर न्यू पॅलेसच्या म्युझियमला द्या, तिथं संस्थानच्या बंदुका आहेतच, त्यात आज्जाची एक. हाताने कार्बन ठेवून लिहिलेल्या पावतीच्या जागी नंबरवाली छापील पावती द्या. आणि काकांसारखा माणूस दुकान बंद करतो म्हणाला तर सध्या तुमच्याकडंच ठेवा हे उत्तर देऊ नका, उद्या काकांना काही झालं आणि ते कपाट कुणी फोडलं तर त्यातल्या बंदुका कुठल्या वरातीत निघतील सांगता येत नाही, आणि पोलिस तेव्हा पहिलं आमच्याच दारात येणार, कारण नंबर आमचा.

आमच्या घरी खंडेनवमीला तिन्ही बंदुकांची पूजा व्हायची. आई पाटावर ओळीनं मांडायची, झेंडूचा हार, हळदकुंकू, शेजारी कोयता आणि विळे. २०२० ला एकनळी दिवाळीनंतर गेली, म्हणून २०२१ च्या खंडेनवमीला पहिल्यांदा पाटावर दोनच होत्या. आईनं थोडा वेळ बघितलं, मग देवघरातल्या डब्यातून काकांनी दिलेली ती पावती आणली आणि तिसऱ्या जागेवर ठेवली, तिला पण हळदकुंकू लावलं. तेव्हापासून दर वर्षी तेच चाललंय. मागच्या वेळी कुंकू जरा ओलं होतं, पावतीवरच्या तारखेतला एक आकडा पुसट झालाय. म्हणून मी तिच्या चार झेरॉक्स काढून ठेवल्यात, त्यातली एक या पत्राला जोडतो, छापू नका, फक्त तुमच्याकडं असू द्या.

आपला,
एक जुना वाचक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर